पंधरा गुणिले अकरा

मेमरी कार्ड वर्षागणिक लहान होत गेलं, असं आपण सहज म्हणून जातो. ते अर्धंच खरं आहे. फोनमध्ये बसणारं मायक्रोएसडी कार्ड १५ मिलीमीटर लांब, ११ मिलीमीटर रुंद आणि १ मिलीमीटर जाड असतं. ही मापं २००४-०५ मध्ये ठरली आणि त्यानंतर ते तसूभरही आटलेलं नाही. त्याच्या पोटातली जागा मात्र १२८ एमबीवरून २ टीबीवर गेली, म्हणजे साडेपंधरा हजार पट झाली. व्यावसायिक कॅमेऱ्यांच्या कार्डांनी तर उलटाच प्रवास केला; मधल्या काळात बारीक झालेली ती कार्डं पुन्हा जाडजूड झाली. कार्डाचा आकार आणि त्यात मावणारी माहिती यांचा संबंध वाटतो तितका थेट नाही. चिप किती लहान करता येते, यावर कार्डाचं माप ठरलं असतं तर गोष्ट सोपी होती. ते माप ठरवण्यात बोटं, खाचा, उष्णता आणि फोन बनवणाऱ्यांचा नफा या सगळ्यांचा हात आहे.

डिजिटल कॅमेऱ्याला सुरुवातीला कार्ड नव्हतंच. कोडॅक कंपनीत स्टीव्ह सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला तेव्हा चित्र साठवायला त्याने चक्क कॅसेट वापरली. १०० गुणिले १०० ठिपक्यांचं एक काळंपांढरं चित्र टेपवर उतरायला २३ सेकंद लागत. पुढे १९८८ साली फुजीने जर्मनीतल्या फोटोकिना प्रदर्शनात मांडलेल्या कॅमेऱ्यात काढता-घालता येणारं कार्ड होतं, पण त्यातली माहिती टिकून राहावी म्हणून कार्डातच बॅटरी ठेवावी लागली होती. बॅटरी संपली की फोटो गेले! असल्या कार्डावर कुणी लग्नाचे फोटो काढले नसते.

वीज नसताना माहिती धरून ठेवणारी, हवी तेव्हा पुसता येणारी स्मृती हवी होती. ती दिली तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी. १९८४ साली त्यांनी 'फ्लॅश' प्रकारची स्मृती जगापुढे मांडली आणि १९८७ साली तिचा 'नँड' हा अवतार आणला. आज प्रत्येक कार्डात, पेनड्राइव्हमध्ये आणि फोनमध्ये असते ती हीच. एका झटक्यात सगळा भाग पुसला जातो हे पाहून शोजी आरिइझुमी या सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली आणि तेच नाव पडलं. मासुओकांच्या पदरात त्या वेळी फारसं काही पडलं नाही. त्यांनी २००४ मध्ये कंपनीवर दावा लावला आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनांवर तडजोड झाली. या शोधावर उभ्या राहिलेल्या बाजारपेठेकडे पाहिलं तर ही रक्कम म्हणजे चिल्लरच.

फ्लॅशचं काम समजायला अवघड नाही. तिच्या प्रत्येक घरात विजेचे कण कोंडून ठेवण्याची एक जागा असते, चारही बाजूंनी विद्युतरोधक थराने बंदिस्त केलेली. जास्त दाबाची वीज दिली की इलेक्ट्रॉन त्या थरातून आरपार घुसतात आणि आत अडकतात. वीज काढून घेतली तरी ते वर्षानुवर्षं तिथेच राहतात. रांजणात पाणी भरून झाकण घट्ट लावावं तसं. रांजण भरलेला की रिकामा, एवढंच वाचायचं असेल तर एका घरात एक बिट मावतो. पाण्याची पातळी बारकाईने मोजता आली, तर चार पातळ्यांत दोन बिट, आठ पातळ्यांत तीन आणि सोळा पातळ्यांत चार बिट ठेवता येतात. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

फ्लॅशची पहिली कार्डं लॅपटॉपसाठी ठरवलेल्या 'पीसी कार्ड'च्या मापाची होती, म्हणजे ८५.६ गुणिले ५४ मिलीमीटर, आपल्या एटीएम कार्डाएवढी. हे कार्ड घालायचं तर कॅमेराच लठ्ठ करावा लागे. अमेरिकेतल्या सनडिस्क कंपनीने १९९४ साली ४३ गुणिले ३६ मिलीमीटरचं, ३.३ मिलीमीटर जाडीचं कॉम्पॅक्टफ्लॅश, म्हणजेच सीएफ कार्ड आणलं. आपण आज जिला सॅनडिस्क म्हणतो ती हीच कंपनी. १९८८ मध्ये ती काढणाऱ्या तिघांमध्ये एक होते कानपूरला जन्मलेले संजय मेहरोत्रा, जे २०१७ मध्ये मायक्रॉन या दुसऱ्या बड्या मेमरी कंपनीचे प्रमुख झाले.

सीएफच्या पाठोपाठ, १९९५ मध्ये, तोशिबाने स्मार्टमीडिया आणलं. ते जवळजवळ तेवढंच लांबरुंद, पण जाडी अवघी ०.७६ मिलीमीटर. दिसायला कितीतरी देखणं, स्वस्तही. पण ही सडपातळ अंगकाठी एका गोष्टीला कात्री लावून मिळवलेली होती. सीएफ कार्डात मेमरीबरोबर 'कंट्रोलर' नावाची दुसरी चिप असते. कुठलं घर खराब झालंय, कुठलं जास्त वापरून झिजलंय, कुठे चूक आलीय ती कशी दुरुस्त करायची, ही सगळी कारभाराची कामं ती करते. कॅमेऱ्याला त्यातलं काही कळण्याची गरज नसते. तो फक्त 'हे ठेव' आणि 'ते दे' म्हणतो. स्मार्टमीडियात हा कारभारीच नव्हता. कारभार कॅमेऱ्याने करायचा. साहजिकच कॅमेरा बनताना त्याला जेवढ्या क्षमतेचं कार्ड शिकवलेलं असेल, त्याहून मोठं कार्ड नंतर बाजारात आलं की जुना कॅमेरा ते ओळखतच नसे. स्मार्टमीडिया १२८ एमबीवर थांबलं आणि संपलं. सीएफ मात्र शेकडो जीबीपर्यंत चालत राहिलं. कार्ड नुसतं बारीक करून भागत नाही, हा धडा त्यानंतर कुणी विसरलं नाही. आजच्या मायक्रोएसडीतही स्वतंत्र प्रोसेसर असतो. एवढ्याशा तुकड्यात एक पूर्ण संगणक बसलेला आहे, असं म्हणायला हरकत नाही.

नंतरची काही वर्षं म्हणजे नुसता बाजार. १९९७ मध्ये सॅनडिस्क आणि सीमेन्सचं एमएमसी आलं, १९९८ मध्ये सोनीचं मेमरी स्टिक, १९९९ मध्ये पॅनासॉनिक, तोशिबा आणि सॅनडिस्क यांचं एसडी, २००२ मध्ये ऑलिम्पस आणि फुजीचं एक्सडी. प्रत्येकाची खाच वेगळी, प्रत्येकाचा रीडर वेगळा. कुठल्या कंपनीचा कॅमेरा घेतला यावर पुढे कुठलं कार्ड घ्यावं लागणार हे ठरत असे, आणि नेमकी तीच त्या कंपन्यांची इच्छा होती. या भांडणात एसडी जिंकलं. २०१० साली खुद्द सोनीने एसडी कार्डं विकायला घेतली तेव्हा निकाल अधिकृत झाला.

एसडी कार्ड ३२ गुणिले २४ मिलीमीटरचं, २.१ जाडीचं. त्याच्या कडेला एक सरकणारी पिटुकली कळ असते, तिच्याजवळ 'लॉक' लिहिलेलं असतं. ही कळ आतल्या कुठल्याही तारेला जोडलेली नाही. खाचेतला एक स्पर्शक ती कुठे आहे हे चाचपतो आणि कॅमेऱ्याला सांगतो. कॅमेऱ्याने ऐकायचं की नाही, हे त्याच्यावर. तिच्या भरवशावर राहू नका.

एसडी कार्डाचं कवच उघडून पाहिलं तर आणखी एक गंमत दिसते. कवच म्हणजे प्लॅस्टिकचे दोन चिकटवलेले पत्रे, आत एक छोटी सर्किट पट्टी, आणि बऱ्याच कार्डांत उरलेली अर्धीअधिक जागा मोकळी. बडा घर, पोकळ वासा! चिप लहान झाली होती, घर तेवढंच राहिलं होतं. तरीही कॅमेऱ्यांनी तो आकार सोडला नाही, कारण कॅमेऱ्याला त्याची अडचण नव्हती. घोडं अडलं ते फोनपाशी.

आपल्याकडे ज्यांनी नोकिया ६६०० वापरला असेल त्यांना आठवेल, त्यात एमएमसी कार्ड असे आणि ते काढायला मागचं झाकण उघडून बॅटरी बाहेर काढावी लागे. फोनच्या आतली प्रत्येक मिलीमीटरची जागा बॅटरी, पडदा आणि अँटेना यांच्यात वाटलेली. त्यात २४ गुणिले ३२ मिलीमीटरच्या कार्डाला कोण जागा देणार? मग एमएमसी निम्मं कापून आरएस-एमएमसी झालं. २००३ मध्ये २१.५ गुणिले २० मिलीमीटरचं मिनीएसडी आलं. सोनीनेही आपली स्टिक आखूड केली. ही मधली भावंडं फार टिकली नाहीत. ज्यांच्याकडे ती आहेत त्यांना आज रीडर शोधताना नाकीनऊ येतात.

२००४ मध्ये सॅनडिस्कने ट्रान्सफ्लॅश आणलं आणि मोटोरोलाने ते आपल्या फोनमध्ये बसवलं. पुढच्याच वर्षी एसडी संघटनेने ते आपलंसं करून त्याला मायक्रोएसडी हे नाव दिलं. आकारमानाच्या हिशेबाने एक सीएफ कार्ड म्हणजे अशी तीस कार्डं. हे कार्ड म्हणजे जुन्या कार्डाची लहान प्रत नव्हती, बनवण्याची रीतच बदलली होती. एसडीमध्ये पट्टी आणि कवच वेगवेगळं होतं. मायक्रोएसडीत कवच नाहीच. मेमरी, कंट्रोलर आणि तारा एका पातळ पट्टीवर रचून वरून काळं राळेसारखं रसायन ओततात. ते घट्ट झालं की सगळा मिळून एकच भरीव तुकडा होतो. एका मोठ्या फळीवर अशी कितीतरी कार्डं एकाच वेळी ओतली जातात आणि मग त्यांची ती वळणदार कड कापायला अतिदाबाच्या पाण्याची धार किंवा लेझर लावतात. मायक्रोएसडी मोठ्या खाचेत घालायला जे प्लॅस्टिकचं ॲडॅप्टर मिळतं, त्यात काहीही इलेक्ट्रॉनिक्स नसतं. इकडची पट्टी तिकडे नेणाऱ्या तारा फक्त.

आतली रचना याहून विस्मयकारक आहे. चिपा ज्या सिलिकॉनच्या चकतीवर घडवतात, ती सुमारे पाऊण मिलीमीटर जाड असते. घडवून झाल्यावर चकती मागच्या बाजूने घासत घासत ३० मायक्रॉनच्या आसपास आणतात. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. इतकं पातळ सिलिकॉन कागदासारखं वाकतं. त्यातून कापलेले तुकडे एकावर एक, प्रत्येक जरासा सरकवून, जिन्याच्या पायऱ्यांसारखे रचतात, म्हणजे प्रत्येकाची कड उघडी राहते आणि तिला अतिबारीक तार जोडता येते. सॅनडिस्कने २०१४ मध्ये १२८ जीबीचं मायक्रोएसडी काढलं त्यात असे १६ तुकडे एकावर एक होते. सोळा मजली इमारत, आणि सगळी मिळून एक मिलीमीटरच्या आत.

हे जर जमतं, तर कार्ड आणखी लहान का केलं नाही? इथेच ग्यानबाची मेख आहे. मागच्या बाजूच्या आठ सोनेरी पट्ट्या पाहा. खाचेतले स्प्रिंगचे काटे त्यांवर बिनचूक टेकायला हवेत, थोडं इकडेतिकडे झालं तरी चालायला हवं, म्हणून पट्ट्यांना ठरावीक रुंदी आणि मधे ठरावीक अंतर लागतं. काही पट्ट्या इतरांपेक्षा जरा पुढे आलेल्या असतात, कारण कार्ड आत सरकताना आधी वीज जोडली जावी आणि मग माहितीच्या तारा. खाच, स्प्रिंग, कार्ड उलटं जाऊ नये म्हणून कडेला ठेवलेला खळगा, हे सगळं सिलिकॉनच्या वेगाने लहान होत नाही. बोटं तर मुळीच होत नाहीत. जमिनीवर पडलेलं मायक्रोएसडी शोधणं आताच जिकिरीचं आहे. हुवावेने २०१८ मध्ये नॅनो सिमच्या मापाचं, १२.३ गुणिले ८.८ मिलीमीटरचं कार्ड काढून पाहिलं. ते त्यांच्याच फोनपुरतं राहिलं. तोवर जगात अब्जावधी उपकरणांना १५ गुणिले ११ ची खाच पडून गेली होती, आणि एकदा पडलेली खाच बदलणं कार्ड बदलण्याहून अवघड असतं.

मग आकसण्याचं सगळं काम आत गेलं, आणि तिथेही एक उलटं वळण आलं. घरं लहान करता करता १५ नॅनोमीटरच्या आसपास गाडी अडली. घर इतकं लहान झालं की आत इलेक्ट्रॉनच मूठभर उरले. त्यातले थोडे निसटले तरी पातळी चुकते, शेजारच्या घराचाही त्रास होतो. त्यात एका घरात तीन-तीन बिट, म्हणजे आठ पातळ्या ओळखायच्या. तेव्हा सपाटीवर दाटीवाटी करण्यापेक्षा उभं बांधायचं ठरलं. तोशिबाने ही रचना २००७ मध्ये मांडली आणि सॅमसंगने २०१३ मध्ये २४ थरांच्या चिपा कारखान्यातून काढल्या. उंची मिळाल्यावर प्रत्येक घर पुन्हा मोठं, ऐसपैस करता आलं, चुका कमी झाल्या. २०२२ पर्यंत थर दोनशेच्या पुढे गेले. हे थर एकाच तुकड्याच्या आतले, आणि असे तुकडे पुन्हा एकावर एक रचायचे, हे वेगळंच. कार्डाच्या पोटातला गेल्या दहा-बारा वर्षांतला चमत्कार बव्हंशी घरं लहान करून नव्हे, तर ती उभी रचून झालेला आहे.

कॅमेऱ्यांकडे वळलं तर तिथे लहान होण्याची हौसच फिटली. सीएफच्या खाचेत ५० बारीक टाचण्या असत. कार्ड जरा तिरकं घातलं की एखादी वाकायची आणि कॅमेरा दुरुस्तीला जायचा. लग्नसराईत फोटोग्राफरला याहून मोठी धास्ती नसायची. त्यामुळे सीएफ गेलं याचं कुणाला फार दुःख झालं नाही. पण त्याच्या जागी उच्च दर्जाच्या कॅमेऱ्यांत आधी एक्सक्यूडी आणि मग सीएफएक्सप्रेस 'टाइप बी' आलं, ते साधारण ३८ गुणिले ३० मिलीमीटरचं आणि ३.८ मिलीमीटर जाड, म्हणजे जाडीत सीएफलाही मागे टाकणारं. कारण उघड आहे. सेकंदाला वीस-तीस फोटो आणि ८के व्हिडिओ लिहायचा तर वेग लागतो. सर्रास वापरात असलेल्या एसडी कार्डांची, यूएचएस-१ प्रकारची, कमाल सेकंदाला १०४ एमबी. टाइप बीची मर्यादा सुरुवातीलाच २ हजार होती. एवढ्या वेगाने लिहिताना कार्ड चटका बसेल इतकं तापतं, आणि उष्णता बाहेर टाकायला अंग लागतं.

फोनमध्ये मात्र कार्ड लहान होण्याची शेवटची पायरी गाठली गेली: ते नाहीसंच झालं. आयफोनला ते कधी नव्हतंच. सॅमसंगने २०१५ च्या गॅलेक्सी एस६ मध्ये खाच काढली, ओरड झाल्यावर एस७ मध्ये परत दिली, आणि २०२१ च्या एस२१ पासून त्या मालिकेतून पुन्हा काढून घेतली. आपल्याकडच्या मधल्या किमतीच्या फोनांत बराच काळ अर्धवट सोय होती, दुसरं सिम घाला नाहीतर कार्ड घाला. कंपन्या म्हणतात, कार्ड संथ असतं, त्यामुळे फोन रेंगाळतो आणि बोल फोनला लागतो. यात तथ्य आहे. खाचेतून पाणी शिरतं, या सबबीत मात्र फार दम नाही. एस७ ला कार्डाची खाच होती आणि तो पाण्यात बुडवला तरी चालत असे. खरी गोष्ट किंमतपत्रक सांगतं. १२८ जीबीचा फोन आणि २५६ जीबीचा फोन यांच्या किमतीतला फरक आणि तेवढ्याच क्षमतेच्या कार्डाची किंमत शेजारी शेजारी ठेवून बघा.

आपल्या महाराष्ट्रात या इवल्या कार्डाने जे काम केलं त्याची नोंद तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत सापडत नाही. २०१६ मध्ये मोबाइल डेटा स्वस्त होण्याआधीची दहाएक वर्षं तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर, बाजारपेठेत, रिचार्जच्या टपरीवर 'मेमरी भरून मिळेल' अशा पाट्या असत. गिऱ्हाईक बोटाच्या पेरावर कार्ड ठेवून पुढे करायचं, दुकानदार ते रीडरमध्ये खोचायचा आणि विचारायचा, काय टाकू? मराठी, हिंदी, भीमगीतं, कीर्तन, लावणी, सगळ्यांचे फोल्डर तयार. दोन जीबीच्या 'चिप'मध्ये शेकडो गाणी जायची आणि ती शेतात, ट्रॅक्टरवर, ऊसतोडीच्या फडात वाजायची. त्यातलं जवळजवळ सगळंच कॉपीराइट गुंडाळून ठेवून चाललेलं होतं, हे खरं. पण इंटरनेट न पोचलेल्या घरात डिजिटल संगीत पोचलं ते या मार्गाने. कॅसेट खरेदी करायची म्हटली तर एवढ्या गाण्यांना खोकं भरून पैसे लागले असते.

कार्ड लहान असण्याचा एक तोटा थेट गिऱ्हाइकाच्या अंगावर येतो. भरीव काळ्या तुकड्यात आत काय आहे, हे बाहेरून कुणालाच कळत नाही. ८ जीबीची मेमरी टाकून कंट्रोलरला '१२८ सांग' असं शिकवता येतं, आणि फोन किंवा संगणक त्यावर विश्वास ठेवतो. पहिल्या ८ जीबीपर्यंत सगळं सुरळीत चालतं. त्यानंतरच्या फायलींची नावं दिसतात, पण उघडत नाहीत, किंवा नव्या फोटोंनी जुने पुसले जातात. हे सहलीहून परत आल्यावर कळतं, तोवर दुकानदाराची परतीची मुदत टळलेली असते. शिवाय असं कार्ड, किंवा अस्सल कार्डही, बिघडलं तर त्यातली माहिती परत मिळवणं महागात जातं, कारण ती काढायला वरचा थर खरवडून आतले छुपे जोडबिंदू शोधावे लागतात.

तेव्हा नवं कार्ड आणलं की त्याच दिवशी ते काठोकाठ भरा. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ यांसारखी मोफत सॉफ्टवेअर हे काम करतात. ती कार्डभर लिहितात आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतात. ३२ जीबीचं कार्ड संगणकावर २९.८ दिसलं तर घाबरू नका, तो हजार आणि १०२४ च्या हिशेबातला फरक आहे. कार्डाला कायमची तिजोरी समजू नका, कोंडलेले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षं हळूहळू निसटतात आणि उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ते जास्त घाईने निसटतात. महत्त्वाच्या फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवा. आणि कार्ड कितीही स्वस्त असलं तरी पक्कं बिल मागून घ्या.